वैद्यकीय कायद्याचा डिप्लोमा : नऊ महिन्यांनंतर एका इन्चार्ज सिस्टरचं मत

गेल्या वर्षी दूरस्थ पद्धतीच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला नाव घातलं. फी २८ हजार, नाइटच्या पैशातून साठवलेली. संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत.

आधी त्याच सांगते. चार जाड पुस्तकं आली, सगळी इंग्रजीत. हलगर्जीपणाच्या धड्यात अजून भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ. अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली! तिच्या कलम १०६ मध्ये हलगर्जीने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि उपचार करताना घडलं तर नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. हे मला रविवारच्या ऑनलाइन वर्गात कळलं, तेही बरोबरच्या एकाने चॅटमध्ये टाकलं म्हणून. ग्राहक संरक्षणाचा धडा १९८६ च्या कायद्यावर, आणि २०१९ चा नवा कायदा शेवटी चिकटवलेल्या एका पानावर. सर स्लाइड वाचून दाखवतात. ते आपण घरीही वाचू शकतो.

मग पैसे वाया गेले का? नाही. निवाड्यांची पुस्तिका निघाली तेव्हा रात्री दोनपर्यंत वाचत बसले. पहिलाच खटला लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३, पालशेतचा समुद्रकिनारा, विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, तिथे भूल न देता पाय ओढून हाड बसवलं आणि मुलगा गेला. माझं माहेर गुहागरकडचं, तो किनारा पायाखालचा. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितलं की केस घ्यायची की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे. व्याख्या पाठ करून हे डोक्यात शिरलं नसतं.

जेकब मॅथ्यूच्या २००५ च्या निकालात ऑक्सिजनचा सिलेंडर रिकामा निघाला होता. डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द झाला, पण नुकसानभरपाईची जबाबदारी रुग्णालयावर येऊ शकते असंही कोर्ट म्हणालं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताच आधी सिलेंडरचा काटा बघितला. आता हँडओव्हरच्या वहीत त्याचा वेगळा रकाना आहे.

खरा फरक पडला तो संमतीपत्रात. आमच्याकडे अ‍ॅडमिशनलाच नातेवाइकाच्या हातात फॉर्मचा गठ्ठा देतात, पेन्सिलने फुल्या मारलेल्या : इथे, इथे आणि इथे. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. २००८ च्या समीरा कोहली निकालात दुर्बिणीतून तपासणीपुरती संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं होतं. ती भुलेत असताना विचारलं आईला! कोर्टाने ती संमती मानली नाही : जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं.

हे वाचून आठवडाही झाला नसेल, साठीच्या एक मावशी पित्ताशयाच्या ऑपरेशनला आल्या. सही मुलाने केलेली, फॉर्मवर ऑपरेशनचं नाव इंग्रजीत. मी सहज विचारलं, "मावशी, उद्या काय काढणार माहितेय ना?"

"पिशवी," त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "पण सिस्टर, माझी तर पंधरा वर्षांपूर्वीच काढलीय. परत कशी काढणार?"

पित्ताची पिशवी आणि 'पिशवी'! रात्रभर बाई तेच मनात घोळवत पडल्या असत्या. सर्जनना बोलावलं, त्यांनी केस पेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. मावशींनी फॉर्म मागून घेतला, "सातवी शिकलेय मी, सही येते मला," म्हणत स्वतः सही केली. खाली मी वेळ टाकली, रात्री ८.४०.

फाइल मागणाऱ्यांना आमचं काउंटर "मॅनेजमेंटला विचारा" म्हणून टोलवायचं. आंतररुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. ते पान झेरॉक्स करून भिंतीला लावलंय. आता निदान अर्ज तरी घेतात.

एक कबूल करते. मधले दोन महिने मला कायद्याची भीतीच बसली होती. नोट्स इतक्या लांब लिहायला लागले की राउंडला एक डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सलाइन संपलंय, ते बघा आधी." डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी जाणाऱ्या पेशंटकडून तर तीन-तीन सह्या घ्यायचे. स्टाफने नाव ठेवलं वकीलबाई. अभ्यासक्रमात हे कुठेच शिकवत नाहीत की कागद किती पुरे. ते वॉर्डातच कळतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन निवाड्यांच्या पुस्तिकेचे. प्रवेश घ्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा, पुस्तकं कोणत्या सालची छापलेली आहेत. मला ते सुचलं नाही.