वेम्बलीचे दोन फड: १९९२चा समरस्लॅम पाहावा की २०२३चा ऑल इन?

लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला धरून, एकतीस वर्षांच्या अंतराने, प्रो रेसलिंगचे दोन अवाढव्य शो झाले. २९ ऑगस्ट १९९२ला डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) समरस्लॅम आणि २७ ऑगस्ट २०२३ला एईडब्ल्यूचा ऑल इन. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेली, उंची-वजन-बायसेप्स तोंडपाठ असलेली आणि पुढे हा नाद सुटलेली बरीच मंडळी आता मला विचारतात की यातला कुठला पाहू. एका संध्याकाळी दोन्ही होत नाहीत. पहिला पावणेतीन तासांचा आहे, दुसरा चार तासांचा, वर त्याचा प्री-शो, म्हणजे मुख्य शोआधीचे सामने, निराळा.

सगळं आधी ठरलेलं असतं, नुरा कुस्तीच ती. त्यावर वाद नको. पण आपल्याकडच्या मैदानात लोक दुपारपासून उन्हात बसतात ते शेवटच्या, एक नंबरच्या कुस्तीसाठी. ती बरोबरीत सुटली की घरी जाताना शिव्या, निकाली झाली की आठवडाभर तोच विषय. स्टेडियम शोलाही मी हीच फूटपट्टी लावतो: शेवटची कुस्ती त्या मैदानाची, त्या माणसांची होती का?

१९९२चं बाकीचं कार्ड या फूटपट्टीपर्यंत पोचतच नाही. क्रश विरुद्ध रेपो मॅन, नेल्झ विरुद्ध व्हर्जिल हे सामने आज कुणी आठवणीने लावत नसेल. लीजन ऑफ डूम ही जोडी मोटारसायकलींवरून येते आणि अंडरटेकर शववाहिकेतून. ही दृश्यं झकास, पण अंडरटेकर-कमाला सामना सुरू झाला की हात आपोआप रिमोटकडे जातो. शॉन मायकल्स आणि रिक मार्टेल यांच्यात ‘तोंडावर मारायचं नाही’ अशी अट होती, कारण दोघेही स्वतःच्या रूपावर भाळलेले. ही गंमत मात्र अजून टिकून आहे. रँडी सॅव्हेज आणि अल्टिमेट वॉरियरची मुख्य पट्ट्यासाठीची लढत मन लावून झाली आहे, पण तिचा शेवट काउंटआउटने, म्हणजे रिंगबाहेर राहिलेल्यावर पंचाची मोजणी संपल्याने. अशा निकालाने पट्टा हात बदलत नाही: वॉरियर जिंकला, पट्टा सॅव्हेजकडेच राहिला. ऐंशी हजार लोकांसमोर असा निकाल देणं म्हणजे जेवायला बोलावून ताक पाजणं.

आणि मग येतो ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग.

पट्टा दुय्यम होता, इंटरकॉन्टिनेंटल. तरी शेवटची जागा त्याला दिली, कारण बुलडॉग म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ इंग्लंडचा, विगनजवळच्या गोलबोर्नचा. शिवाय त्याची बायको डायना ही ब्रेटची सख्खी बहीण. ब्रेटसमोर दाजीच उभे म्हणायचे. डायना प्रेक्षकांत बसलेली, कॅमेरा सारखा तिच्यावर. बॉक्सर लेनॉक्स लुईस युनियन जॅक घेऊन बुलडॉगसोबत आला तेव्हा अंधार पडत आला होता. हा तपशील किरकोळ वाटेल, पण शो उन्हात सुरू होऊन दिव्यांखाली संपतो आणि त्या उजेडाच्या बदलाने शेवटच्या सामन्याला जी चढण मिळते, ती कुठल्याही फटाक्यांनी मिळाली नसती.

सामना पंचवीस मिनिटांचा. ब्रेटने पुढे अनेकदा सांगितलं की सुरुवातीलाच डेव्हीचा दम गेला, आधी ठरवलेलं काही त्याला आठवेना आणि पुढचा सगळा सामना आपणच त्याच्या कानात सांगत नेला. हे माहीत असताना पाहिलं की जास्त मजा येते. प्रत्येक पकडीत ब्रेटचं तोंड कुठे आहे ते बघत राहावंसं वाटतं. ब्रेट हळूहळू खलनायकासारखा वागू लागतो, मेहुण्याला रडीचे डाव दाखवतो, म्हणजे स्टेडियमने कुणाच्या बाजूने ओरडायचं याबद्दल शंका उरू नये. शेवट तर नमुनेदार. ब्रेट त्याच्यावरून झेप घेऊन त्याला खाली ओढायला जातो, बुलडॉग तिथेच बसतो, ब्रेटचे पाय अडकवतो आणि ब्रेटचेच खांदे टेकतात. बाहेरून कुणी आलं नाही, खुर्ची नाही, दगाफटका नाही. डावावर प्रतिडाव, निकाली कुस्ती. त्यानंतर ब्रेट हात मिळवायला आधी टाळाटाळ करतो आणि मग तिघांची गळाभेट होते. घरातलं भांडण आणि घराबाहेरचे ऐंशी हजार लोक एकाच क्षणी शांत होतात.

दोन महिन्यांत पट्टा शॉन मायकल्सकडे गेला, ब्रेट तर ऑक्टोबरमध्येच मुख्य विजेता झाला. म्हणजे कंपनीच्या मोठ्या हिशेबात त्या रात्रीला फारशी किंमत नव्हती. वेम्बलीच्या हिशेबात होती.

२०२३ची गोष्ट उलटी आहे. कार्ड भरगच्च, जवळपास प्रत्येक सामना १९९२च्या मधल्या फळीला सहज खाऊन टाकेल असा. एईडब्ल्यू ही २०१९मध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा सर्वेसर्वा टोनी खान. त्याचे वडील शाहीद खान लंडनच्या फुलहॅम फुटबॉल क्लबचे मालक. त्यांनी २०१८मध्ये वेम्बली स्टेडियमच विकत घ्यायचा प्रयत्न केला होता. तो फसला. पाच वर्षांनी मुलाने एका रात्रीपुरतं ते भरून दाखवलं, तेही एकही सामना जाहीर करण्याआधी साठ हजारांवर तिकिटं विकून. लोक सामना नव्हे, प्रसंग विकत घेत होते. त्याचा फायदाही दिसतो आणि तोटाही.

फायदा असा की गर्दी पहिल्या मिनिटापासून पेटलेली आहे. पहिलाच सामना सीएम पंक विरुद्ध समोआ जो. दोघांच्या २००४मधल्या रिंग ऑफ ऑनर या छोट्या अमेरिकी कंपनीतल्या लढती माहीत असणाऱ्याला यात जुनी ओळख लागते, नसणाऱ्यालाही अडत नाही. त्याच्या काही मिनिटं आधी पडद्यामागे पंक आणि जॅक पेरी यांची खरीखुरी झटापट झाली होती आणि आठवड्याभरात, २ सप्टेंबरला, पंकला कंपनीने काढून टाकलं. ठरवलेल्या भांडणांच्या रात्री न ठरवलेलं भांडण सगळ्यात महागात पडलं! एफटीआर आणि यंग बक्स यांचा जोडीचा सामना तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात नेटका. इंग्लंडचा विल ऑस्प्रे ख्रिस जेरिकोला हरवतो तेव्हा घरच्या पोराचं कौतुक कसं असतं ते कळतं. स्टेडियम स्टॅम्पीड या गटागटांच्या बेबंद हाणामारीच्या सामन्यात रक्त बरंच आहे. मुलं शेजारी बसली असतील तर तो भाग पुढे ढकला.

घोळ झाला तो महिलांच्या सामन्यात. सराया इंग्लंडमधल्या नॉर्विचची. २०१८मध्ये मानेच्या दुखापतीने तिला निवृत्ती घ्यावी लागली होती. ती परत येते, घरचे रिंगजवळ बसलेले, आणि वेम्बलीत पट्टा जिंकते. बुलडॉगच्या तोडीची गोष्ट हाताशी होती. तिला चौघींच्या घाईगर्दीच्या सामन्यात कोंबून दहा मिनिटांच्या आत उरकलं. हीच रात्रीची एक नंबरची कुस्ती व्हायला हवी होती असं माझं मत आहे, आणि ते बदलायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

ती जागा मिळाली एमजेएफ आणि अ‍ॅडम कोल यांना. दोघे अमेरिकन, दोघे दोस्त. दोस्ती फुटणार की नाही एवढाच प्रश्न. एकदा दोघांचे खांदे एकदम टेकून सामना बरोबरीत सुटतो, मग जादा वेळ, मग एमजेएफचा विजय आणि आलिंगन. अभिनय उत्तम, पण ही मालिकेच्या मधल्या भागाची गोष्ट आहे. खरा शेवट ३० डिसेंबरला वर्ल्ड्स एंड या शोमध्ये झाला आणि एमजेएफच्या मागे लागलेला मुखवटेधारी कोलच निघाला. म्हणजे वेम्बलीतली ती मिठी नंतर कंपनीनेच खोटी ठरवली. हीच कथा शिकागोत सांगितली असती तरी काही बिघडलं नसतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आकड्यांवरून कुणी निवड करत असेल तर करू नये. १९९२चा जाहीर आकडा ८०,३५५, २०२३चा ८१,०३५ तिकिटं. पैकी २०२३मध्ये गेटमधून प्रत्यक्ष आत गेलेल्यांची नोंद ७२,२६५ अशी पुढे बाहेर आली आणि त्यावर चाहत्यांनी महिनोन्‌महिने डोकी फोडली. स्टेडियमही एक नव्हे. जुनं वेम्बली पाडून तिथेच नवं बांधलं, ते २००७मध्ये खुलं झालं. कोल्हापूरच्या खासबागेत आखाडा मधोमध खोलात आहे, मागच्या रांगेलाही पकड दिसते. फुटबॉलच्या मैदानात वीस फुटांची रिंग म्हणजे परातीत ठेवलेली सुपारी. म्हणून तिथे मोठा आवाज आणि साधी गोष्टच चालते. बुलडॉगची गोष्ट शेवटच्या रांगेतल्याला एका वाक्यात कळते. एमजेएफ-कोलची कळायला आधीचे दोन महिने पाहिलेले असावे लागतात.

तर माझा सल्ला. अर्धाच तास असेल तर १९९२चा शेवटचा सामना, बाकी काही नाही. नवख्या माणसाला ‘लोक हे का बघतात’ ते दाखवायचं असेल तरी तोच. पूर्ण संध्याकाळ मोकळी असेल, चार मित्र असतील, खायला काहीतरी असेल, तर ऑल इन लावा. पंक-जोपासून सुरुवात करा, स्टॅम्पीड ऐच्छिक, आणि मुख्य सामन्याआधी प्री-शोमधला एमजेएफ-कोल जोडीचा सामना आवर्जून पाहा, नाहीतर शेवटच्या मिठीचा अर्थ लागणार नाही. आणि दोन्हींवर मन बसत नसेल तर २५ ऑगस्ट २०२४चा वेम्बलीतलाच पुढचा ऑल इन आहे. ब्रायन डॅनियलसन, समोर स्वर्व्ह स्ट्रिकलंड, हरला तर कारकीर्द संपली. तिथे गर्दी आधीपेक्षा कमी होती आणि शेवटची कुस्ती जास्त चांगली.