मोर्चासाठी 25 वॅटचा मेगाफोन: घ्यावा का?

शंभर-सव्वाशे माणसांच्या मोर्चाला खांद्यावरचा 25 वॅटचा मेगाफोन पुरतो. गर्दी त्याहून मोठी असेल तर टेम्पोवर अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे भाड्याने लावलेले बरे.

घेताना माईक वेगळा, गुंडाळ्या वायरचा असलेलाच घ्या. भोंग्याचं तोंड जिकडे, आवाज तिकडेच. घोषणा देणारा पुढे बघत चालतो आणि हातातला, बंदुकीसारखा धरायचा मेगाफोन असेल तर त्या घोषणा समोरच्या बंदोबस्तालाच ऐकू जातात, मागच्या रांगांना नाही. वेगळा माईक असला की भोंगा दुसऱ्याच्या खांद्यावर, तोंड मागे. घोषणा देणारा त्याच्या एक पाऊल पुढे. माईक भोंग्याच्या पाठीमागे राहतो, म्हणून भोंग्याचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी शिट्टीही वाजत नाही. तरी वाजलीच तर आवाज थोडा कमी करा आणि माईक ओठांच्या अगदी जवळ आणा.

माईकवरच्या बोलायच्या बटणाकडेही लक्ष हवं. 'कोण म्हणतो देणार नाही' संपताक्षणी ते सोडायचं. नाहीतर 'घेतल्याशिवाय राहणार नाही' हा गर्दीचा गलका माईकमध्ये शिरतो आणि तोच भोंग्यातून बाहेर पडतो. खर्जातला आवाज या छोट्या भोंग्यात गुदमरतो. माईक चढ्या पट्टीत बोलणाऱ्याकडे द्या, मग तो पदाधिकारी असो वा नसो.

खोक्यावरच्या 'रेंज 500 मीटर'वर जाऊ नका. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, आणि ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरला कोकण भवनासमोर वाहनांचा गोंगाट वेगळाच. 50 वॅटचा घेतला तर वाढतात फक्त 3 डेसिबल. सेल मात्र लवकर बसतात. त्यापेक्षा 25 चे दोन बरे, एक पुढे आणि एक मोर्चाच्या मध्यावर, पण दोन्हीवर एकाच वेळी घोषणा नकोत. शंभर मीटर जायला आवाजाला सुमारे 0.3 सेकंद लागतात, तेवढ्यात शब्द एकमेकांवर चढतात. मधल्याने पुढच्याची घोषणा संपल्यावर तीच उचलावी.

आठ मोठे सेल लागतात, तेही अल्कलाइनच. साधे स्वस्त सेल जोरात बोललं की दबतात आणि आवाज फाटतो. सायरनच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली चांगली. कुणीतरी दाबतोच, आणि सेल संपतात ते तिथेच.

हातातला असला म्हणून परवानगीतून सूट नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र घोषित होऊ शकतं. ठाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयाला लागूनच न्यायालय आहे, तेव्हा मेगाफोन नेमका कुठे बंद करायचा हे परवानगी घेतानाच पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

पावसात भोंग्याचं तोंड खाली ठेवा. आतल्या युनिटमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागात, पाणी गेलं की आवाज घोगरा होतो. मोर्चा संपला की सेल काढून ठेवा, गळले तर स्प्रिंग गंजतात.