सीलबंद डब्यातला वापरलेला कोड

अकरा डिस्क दिल्या आणि एक कागदाचा कपटा घेऊन घरी आलो. तोही आधीच कुणीतरी वापरलेला. गेमच्या दुकानांत इतकी वर्षं घालवलेला माणूस असा गंडला हे सांगायला लाज वाटते. पण परवा एका मित्राच्या हातात तसलाच डबा पाहिला, म्हणून लिहून टाकतोय.

झालं असं की आमचं जुनं पीएस४, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ४ हे गेम खेळायचं मशीन, एकदाचं बसलं आणि त्याच्या जागी पीएस५ प्रो आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेल्या या मशीनला डिस्क घालायची खाचच नाही. हे घेताना मला माहीत होतं, त्याचा अर्थ मात्र घरी आल्यावर कळला. कपाटात निळे डबे रांगेत उभे आणि ते खेळायला मशीन नाही. त्यात भाच्याचा वाढदिवस तोंडावर आलेला. म्हटलं, जुने गेम देऊन टाकू आणि त्यातून त्याला एक नवा घेऊ.

दुकानात बऱ्याच वर्षांनी गेलो होतो. पूर्वी भिंतभर गेम असायचे. आता निम्म्या भिंतीवर बाहुल्या, कॉफीचे मग आणि टी-शर्ट, काउंटरच्या काचेखाली पत्त्यांची पाकिटं आणि गेम एका कोपऱ्यात. असो, तो त्यांच्या धंद्याचा प्रश्न. काउंटरवरचा मुलगा मात्र हुशार वाटला. एकेक डिस्क दिव्याखाली तिरकी धरून चरे बघत होता. बारावा डबा ‘द क्रू’ या फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा निघाला तसा हसला. “सर, याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. आता ही पाण्याच्या ग्लासाखाली ठेवा.” तारीख तोंडपाठ. मला कौतुक वाटलं. ही तारीख पुढे मला फार आठवली.

उरलेल्या अकरांचे मिळून एका नव्या गेमच्या किमतीला थोडे कमी भरले. “रोख हवे असतील तर याहून कमी होतील सर. क्रेडिट घेतलंत तर एवढे.” मी क्रेडिट, म्हणजे फक्त त्याच दुकानात खर्चायची जमा, घेतलं. पहिली चूक इथे झाली, पण ती कळायला महिना गेला.

मग त्याला म्हटलं, भाच्याला द्यायचंय, हातात डबा हवा, पण मशीनला डिस्क चालत नाही. त्याने लगेच मागून डिलक्स एडिशनचा डबा काढला. “हाच घ्या. नवा, सीलबंद. आत कोड आहे, तो टाकला की गेम डाउनलोड होतो, तुमच्या मशीनला चालतो.” वरचे थोडे पैसे मी कार्डाने भरले. पावतीवर नुसतं गेमचं नाव आणि ‘नवीन’. कोड असल्याचा उल्लेख नाही.

वाढदिवसाला भाच्याने प्लास्टिक टराटरा फाडलं. आत डिस्कची जागा रिकामी, एका बाजूला खाचेत पोस्टकार्डाहून लहान कागद. त्याच्यावरची चंदेरी पट्टी थोडी जाड वाटली. खरवडली तर खाली आणखी एक चंदेरी पट्टी, एका कोपऱ्यात आधीच खरवडलेली! कोड टाकला. उत्तर आलं, हा कोड यापूर्वी वापरला गेला आहे. भाच्याने शून्याऐवजी ओ, एकऐवजी आय असं सगळं करून पाहिलं. “मामा, जाऊ दे,” असं तोच मला म्हणाला, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात. तोच मुलगा.

“उघडलेला माल आम्ही परत घेत नाही, सर.”

“उघडल्याशिवाय कोड वापरलेला आहे हे कळणार कसं?”

“तेच ना. आणि उघडल्यावर तो तुम्हीच वापरला नाही कशावरून?”

या वाक्याला उत्तर नसतं. मी बराच वेळ वाद घातला, मागे रांग वाढत गेली, आणि शेवटी लोक माझ्याचकडे लबाडाकडे बघावं तसं बघायला लागले. मॅनेजर आले. अत्यंत नम्र माणूस. त्यांनी मला गेम कंपनीशी बोलायला सांगितलं.

बोललो. कंपनीने पावतीचा आणि कागदाचा फोटो मागितला. चार दिवसांनी कळवलं की कोड माझ्या खरेदीच्या २३ दिवस आधी दुसऱ्या खात्यावर चढवलेला आहे, तेव्हा विक्रेत्याशी संपर्क साधावा. म्हणजे डबा आधी कुणाकडे तरी जाऊन आला होता, किंवा दुकानातच उघडला गेला होता. ते ईमेल छापून मॅनेजरांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “हे कंपनीचं म्हणणं झालं.”

बँकेकडे तक्रार केली. आणि इथे ते क्रेडिट आडवं आलं. बँक परत मिळवून देऊ शकते ते कार्डाने गेलेले पैसे, आणि कार्डाने गेली होती वरची चिल्लर. ती मिळाली. अकरा डिस्कचं मोल बँकेच्या लेखी कुठे नोंदलेलंच नव्हतं. दुकानाचं क्रेडिट हे दुकानाचंच चलन. भांडण झालं की तुमच्या बाजूने बोलायला मध्ये कुणी नसतं. रोख घ्या, कमी मिळाली तरी.

प्लास्टिक मी कचऱ्यातून पुन्हा काढून पाहिलं. कारखान्यातून येणाऱ्या डब्याचं वेष्टण कडेला बहुधा पाकिटासारखं दुमडून चिकटवलेलं असतं. माझ्या डब्यावर तशी घडी नव्हती, नुसती कडेने फिरलेली एक शिवण आणि हवा जायला टाचणीएवढी भोकं. गरम हवेचं यंत्र असलं की असं प्लास्टिक कुठलंही दुकान चढवू शकतं. ‘सीलबंद’ हा शब्द मी त्या दिवसापासून कानाआड करतो.

डब्यात काय आहे हाही आता विचारायचा प्रश्न झालाय, आणि तो आजचा नाही. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ दुकानातून डब्यात आणला तरी स्टीम या ऑनलाइन गेम-सेवेवर खातं उघडून चालू करावा लागायचा. २०२२ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळा गेम डाउनलोड. जून २०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ हे दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं, त्याच्या काही गेम-कार्डांत गेम नसून तो डाउनलोड करायची फक्त किल्ली असते. पण ती कार्डं निदान दुसऱ्याला देता-विकता येतात, आणि डब्यावर समोरच तसं छापलेलं असतं. कोडचा कागद एकदा खात्यावर चढला की संपला. तो कुठलंच दुकान परत घेणार नाही, आणि खरं तर म्हणूनच माझ्यासारख्याच्या गळ्यात मारायला तो सोयीचा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला मालकी नाही, फक्त वापरायचा परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं. माझ्या काउंटरवर असं सांगणारं कुणी नव्हतं. सांगायला ज्याला येत होतं, त्याला बंद पडलेल्या सर्व्हरची तारीख पाठ होती.

कोडचा डबा घ्यायचाच असेल तर पैसे कार्डाने द्या, पावतीवर ‘कोड’ असं लिहून घ्या आणि काउंटर सोडण्याआधी त्यांच्यासमोर उघडून कोड तिथेच फोनवरून खात्यावर चढवा. भेट म्हणून द्यायचा असेल तरी. वेष्टणाची हौस घरी पुरी करता येते. मागे रांग असली तर असू दे.

शेवटचं एक सांगायचं राहिलं. वाद संपवून निघताना काउंटरमागच्या भिंतीवर एक छोटा खोका टांगलेला दिसला. वाचला. पीएस५ प्रोला बाहेरून जोडायचा डिस्क ड्राइव्ह. वेगळा मिळतो म्हणे, आणि पीएस४ च्या डिस्क त्यात चालतात. माझ्या अकराच्या अकरा चालल्या असत्या. डिस्क देताना मी त्याला मशीनचं नाव सांगितलं होतं, आणि तो खोका त्याच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर होता.

मी बोट दाखवून विचारलं, “हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत, सर.” मग जरा थांबून, अगदी मदत करायच्या सुरात म्हणाला, “ड्राइव्ह घेणार असाल तर तुमच्यातल्या सात-आठ डिस्क अजून आहेत शेल्फवर. वापरलेल्या गेमवर या आठवड्यात दोनवर एक फुकट चालू आहे.”