बॅटरी अर्धी, वॉरंटी उंदरांच्या नावावर

सोलरच्या बॅटरीपायी एकूण 2,27,300 रुपये गेले. त्यातला 42,500 चा इन्व्हर्टर तेवढा खरा निघाला, म्हणजे 1,84,800 रुपयांना चुना. आकडा आधीच लिहितोय, कारण नातेवाइकांना "थोडंसं नुकसान झालं" सांगून सांगून कंटाळा आलाय.

जैसलमेरजवळ खुरीच्या बाजूला आम्ही नवरा-बायको चार झोपड्यांचा कॅम्प चालवतो. विजेची लाइन लांब, कनेक्शनचा अर्ज धूळ खात पडलेला. सोलर पॅनेल आधीपासून होते. जुन्या ट्युब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या जड बॅटऱ्या इथल्या उन्हात लवकर बसल्या. शेजारच्या फलोदीत 2016 च्या मे महिन्यात 51 अंश नोंदलेत, त्यावरून काय ते समजा. म्हणून लिथियम घ्यायचं ठरवलं.

विकणारा जोधपूरचा, पण इचलकरंजीत सूतगिरणीत बरीच वर्षं काढलेला. "दादा, वहिनी, आपलीच माणसं तुम्ही" असं अस्खलित मराठीत. वाळवंटात कुणी "जेवलात का?" विचारलं की माणूस विरघळतोच, तुम्हीही विरघळला असता. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरचे दोन पॅक, 1,56,000 ला. वर 78,000 सबसिडी मिळवून देतो, फाइलचे 6,500 वेगळे. ही सबसिडी ग्रिडला, म्हणजे सरकारी विजेच्या लाइनला जोडलेल्या घरगुती छतांसाठी असते, लाइन नसलेल्या कॅम्पला एक पैसा नाही. हे मला नंतर सरकारी खिडकीवरच्या बाबूने हसत हसत सांगितलं. त्याचं ते हसू अजून डोक्यात आहे.

आता तो क्षण. जीपमधून पॅक उतरवताना त्याच्या पोराने एक पॅक एकट्याने उचलला, कमरेवर टेकवला आणि चालत आत आणला. मी बघत होतो! मी म्हटलंसुद्धा, "अरे, हलकं दिसतंय." तर हा म्हणतो, "लिथियम आहे दादा, हलकंच असतं." आणि हे खोटं नाही, तीच तर मेख. माझी जुनी एकेक ट्युब्युलर उचलायला दोन माणसं लागायची, त्यामुळे मला ते पटलं. पण 100 अँपिअर-अवरचा एक प्रिझमॅटिक, म्हणजे चौकोनी सेल साधारण दोन किलोचा. एका पॅकमध्ये असे 16, म्हणजे नुसते सेलच तीस किलोंच्या वर. पेटी आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) वेगळं. नंतर काट्यावर ठेवला तेव्हा अख्खा पॅक 19 किलो भरला. झाकण उघडलं तर आत जुने गोल सेल, वर नवीन निळं आवरण, आवरणाखाली आधीच्या वेल्डिंगचे व्रण, आणि उरलेल्या जागेत थर्माकोल. मोबाइलवरच्या ॲपवर मात्र दिमाखात "100 Ah" दिसत होतं. तो आकडा बीएमएसमध्ये हाताने भरता येतो, हे कोण सांगणार?

वजन करा. पैसे देण्याआधी करा.

पहिल्याच आठवड्यात रात्री बारापर्यंत सगळं बंद पडायला लागलं. दोन कूलर, फ्रिज, दिवे मिळून सहाशे वॉटच्या आसपास. दोन पॅक खरे असते तर सकाळ आरामात निघाली असती. विकणारा आला, वायरी बघितल्या आणि एका केबलवरचे दातांचे ओरखडे दाखवले. इथे उंदीर आहेत यात नवल नाही. वाळवंटी उंदीर दिवसाढवळ्या बिळाबाहेर बसलेले असतात. "आधी किड्यांचा बंदोबस्त करा, मग बॅटरी बघू." वाळवी, उंदीर, विंचू, सगळं एकाच फवाऱ्यात, 18,700. वर आवाजाने उंदीर पळवणारे दोन डबे, 3,600. त्या डब्यांच्या मागे आता उंदरांनी घर केलंय.

फवारा पाण्यात पडताच दुधासारखा पांढरा झाला. वाळवीचं औषधही तसंच पांढरं होतं, म्हणून मी गप्प. बायको म्हणाली, "अहो, हे फिनेल आहे, वास बघा." मी तिलाच गप्प केलं. (हे वाचून ती हसेल. हसू दे.) फवारणीवाल्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना असावा लागतो, तो मागा. आणि एकच औषध वाळवी, उंदीर आणि विंचू तिन्हींवर चालतं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरा डाव पुढे. वॉरंटी मागितली तर उत्तर आलं, "उंदरांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नाही." पुरावा काय? माझ्याच सहीचं फवारणीचं बिल, "परिसरात उंदरांचा उपद्रव". म्हणजे 18,700 देऊन मी स्वतःविरुद्ध साक्ष विकत घेतली होती!

पोलिसांचं काय विचारता. इथल्या ठाण्यात, "लेन-देन का मामला है, उपभोक्ता आयोग जाओ." गावाकडच्या ठाण्यात, "घटना राजस्थानात, तिकडे जा." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, हे मी छापून नेलं. हवालदाराने तो कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला, माल घेताना कोण टाकतं दुसरं? ठाण्यातले पंचनाम्यासाठी पॅक हलवू नका म्हणाले, आणि पंच काही येत नाहीत. एकाने तर विचारलं, "इतके शिकलेले, फसलात कसे?"

ग्राहक आयोगात मात्र तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी केलीय.

फवारणीपेक्षा केबल लोखंडी फ्लेक्झिबल पाइपातून घेणं आणि भोकांना बारीक लोखंडी जाळी ठोकणं कामाला आलं, 2,150 रुपयांत. बॅटरीच्या खोलीत सरपण, चारा ठेवू नका. रात्री हात घालण्याआधी यूव्ही टॉर्च मारा, विंचू हिरवट चमकतो. फुरसं चमकत नाही, म्हणून पायात बूट हवेतच. पॅक दुकानातच पूर्ण चार्ज करून, ठरावीक लोडवर रिकामा होईपर्यंत चालवून घड्याळ लावा. झाकण उघडून दाखवायला नकार दिला तर उठून या. आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. माझ्या बिलावरचा क्रमांक भलत्याच एका फर्निचरवाल्याचा निघाला.