राज्य मंडळाची आजारी परीक्षार्थींसाठीची व्यवस्था : एका वर्गशिक्षकाचे परीक्षण

दहावी-बारावीच्या परीक्षेत आजारी विद्यार्थ्याला राज्य मंडळाकडून नेमके काय मिळते, असे पालक विचारतात तेव्हा मी आधी एवढेच विचारतो की, आजार कागदावर कधीपासून आहे. या सेवेचे मोल बहुतांशी त्या उत्तरावर ठरते.

आजार जुना असेल आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत बसत असेल, तर व्यवस्था चांगली आहे. सिकल सेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे विकारही त्या यादीत आहेत, आणि गडचिरोली-नंदुरबारकडच्या शाळांना त्यांतल्या सिकल सेलच्या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव गेला की दर तासामागे 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. म्हणजे गणित भाग 1च्या दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे, आणि वेदनांमुळे अधूनमधून थांबावे लागणाऱ्या मुलाला ती खरोखर पुरतात.

लेखनिकाची सवलत कागदावर तितकीच उदार असली, तरी तो शोधण्याचे काम शाळेच्या आणि पालकांच्याच गळ्यात पडते. तो खालच्या इयत्तेतला हवा, त्याच्या पालकांची संमती हवी, आणि भूमितीची आकृती सांगितल्याबरहुकूम काढण्याइतका त्याचा हात स्थिर हवा; असा नववीतला मुलगा ऐन मार्चमध्ये, त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर असताना, सहजी मिळत नाही. मंडळाने तालुकानिहाय लेखनिकांची यादी ठेवली, तर निम्मी धावपळ वाचेल.

अचानक आलेल्या आजारपणात मात्र ही सेवा अपुरी पडते. टायफॉइडमुळे प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा बुडाली, तर लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ संधी मिळते, आणि ही सोय निर्विवाद उत्तम आहे. लेखी पेपर बुडाला, की पुढची वाट थेट जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेची, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत अकरावी प्रवेशाच्या नियमित फेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. तापाच्या एका आठवड्यासाठी ही किंमत मला अवाजवी वाटते.

नियम कसा लिहावा, याचा नमुना सीबीएसईच्या टाइप 1 मधुमेहाच्या सूचनेत सापडतो. साखरेच्या गोळ्या, केळे-सफरचंदासारखे फळ, सँडविच, पाण्याची छोटी बाटली, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या असे परीक्षागृहात नेता येणारे जिन्नस तिथे नावानिशी दिले असल्याने पर्यवेक्षकाला दारात उभे राहून काही ठरवावे लागत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या मधुमेही मुलाच्या पालकांनी हेच जिन्नस अर्जात एकेक करून लिहावेत, डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी पहिल्या पेपरच्या बऱ्याच आधी मिळवून तिची प्रत केंद्रसंचालकांकडे द्यावी.