पीएलसीत रिमोटने बदल करायचेत: एनीडेस्क, व्हीपीएन राउटर की प्लांटमधला जंप पीसी?

मशीन बिल्डर पुण्यात, प्लांट बुटीबोरीला नाहीतर सोलापूरला, आणि पीएलसीतल्या (म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधल्या) एका टायमरची व्हॅल्यू बदलायला इंजिनियर पाठवायचा म्हणजे येण्याजाण्यात दोन दिवस आणि व्हिजिट चार्ज वेगळा. त्यामुळे रिमोट हवाच, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं, वाद सुरू होतो तो कशातून द्यायचा यावर. आयटीवाला म्हणतो व्हीपीएन (इंटरनेटवरून काढलेला बंदिस्त रस्ता, म्हणजे टनेल), वेंडर म्हणजे मशीन बिल्डर म्हणतो एनीडेस्क (दुसऱ्याचा पीसी लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) टाका दोन मिनिटात होतं, आणि राउटर विकणारा म्हणतो आमचा बॉक्स लावा आणि विसरा. हे लिहितोय ते मध्यम प्लांटसाठी, जिथे पाच-पंधरा पीएलसी आहेत आणि मेंटेनन्स इन्चार्जच अर्धा आयटी सांभाळतो.

आधी एक पर्याय कटाप करतो. स्टॅटिक आयपी (कायमचा इंटरनेट पत्ता) घेऊन पोर्ट फॉरवर्ड करायचा, म्हणजे बाहेरून आत यायला राउटरमध्ये दार उघडायचं, आणि पीएलसी थेट इंटरनेटवर ठेवायचा, हे कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अलिक्विपाच्या पाणीपुरवठ्याचा युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी असाच हॅक झाला, तिथल्या सरकारी अ‍ॅडव्हायझरीत अशा पीएलसींचा डिफॉल्ट पासवर्ड 1111 दिलाय आणि बदला म्हणून सांगितलंय, बाकी काय बोलणार.

आता एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर. फायदा खरा आहे, नाकारत नाही: खर्च जवळजवळ शून्य, 4जी डोंगलवर चालतं, आणि समोरचा काय करतोय ते ऑपरेटरला स्क्रीनवर दिसतं. पण फुकटचं व्हर्जन वैयक्तिक वापरासाठी असतं, कमर्शियल वापराचा संशय आला की सेशन मध्येच कापलं जातं, आणि ते नेमकं कधी कापेल ते तुमच्या हातात नाही. शिवाय अनअटेंडेड पासवर्ड (पीसीसमोर कुणी नसतानाही आत येता येतं तो) एकच, तो वेंडरच्या चार पोरांना माहीत आणि त्यातली दोन नोकरी सोडून गेलेली. फ्लोरिडाच्या ओल्ड्समारची केस बहुतेकांनी ऐकली असेल, फेब्रुवारी 2021, पाण्यातल्या सोडियम हायड्रॉक्साइडचा सेटपॉइंट (ठरवून दिलेली मात्रा) 100 पीपीएमवरून 11,100 वर गेला आणि ऑपरेटरचं लक्ष होतं म्हणून लगेच मागे आणला. हॅकर आला असं जगभर छापून आलं, नंतर शंका निघाली की आतल्याच माणसाकडून चुकून झालं असेल. मला त्या केसमधली हीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण रिमोटचा पासवर्ड सगळ्यांचा एकच होता आणि असं असलं की कुणी केलं हे नंतर छातीठोक सांगताच येत नाही.

दुसरा पर्याय इंडस्ट्रियल रिमोट राउटर, म्हणजे ईवॉन, सेकोमिया वगैरे. पॅनलमध्ये डिनरेलवर (पॅनलमधल्या पट्टीवर) बसतो, आतून बाहेर टनेल काढतो, त्यामुळे पब्लिक आयपी लागत नाही (मोबाईल सिमवर पब्लिक आयपी बहुतेक मिळतच नाही, जिओचं सिम टाकून पोर्ट फॉरवर्ड करायला बसलेल्यांना हे कळलेलं असतं). प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी ओळख, जसं मोबाईलवरचा कोड) लावता येतं, कोण कधी आला याचा लॉग राहतो. आणि माझं आवडतं फीचर, बऱ्याच मॉडेलला डिजिटल इनपुट असतो, त्याला पॅनलवर की-स्विच जोडला की ऑपरेटरने चावी फिरवल्याशिवाय बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही. राउटर घेणार असाल तर हे वायरिंग करून घ्याच. मी कितीतरी पॅनलमध्ये तो इनपुट रिकामा बघितलाय, वाईट वाटतं.

पण या पद्धतीत एक गोची आहे जी विकणारा सांगत नाही. इंजिनियरिंग सॉफ्टवेअर वेंडरच्या लॅपटॉपवर पुण्यात चालतं आणि डाउनलोड, म्हणजे पीएलसीत उतरवायचा प्रोग्रॅम, 4जी टनेलमधून जातो. बघायला, मॉनिटर करायला, एखादी व्हॅल्यू बदलायला काही प्रॉब्लेम नाही. पण हार्डवेअर कॉन्फिगरेशन बदललंय, सीपीयू (पीएलसीचा मेंदू) डाउनलोडसाठी स्टॉपला गेलाय आणि अर्ध्यात नेटवर्क गेलं, तर सीपीयू स्टॉपमध्येच बसून राहणार आणि लाईन बंद. वेंडर तिकडे रिकनेक्ट रिकनेक्ट करतोय आणि इकडे प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्या टेबलाशी उभा. वर तो लॅपटॉप टनेलमधून तुमच्या मशीन नेटवर्कवर थेट बसतो, त्यात काय व्हायरस आहे देव जाणे.

म्हणून तिसरा, जंप पीसी. प्लांटमध्येच एक पीसी, त्यावर टीआयए पोर्टल किंवा स्टुडिओ 5000 (सीमेन्स आणि रॉकवेल या कंपन्यांच्या पीएलसींचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर), प्रोजेक्टची लेटेस्ट फाईल तिथेच, ऑफिस आणि मशीन नेटवर्कच्या मधे फायरवॉल टाकून वेगळ्या झोनमध्ये ठेवलेला, आणि वेंडर व्हीपीएनने फक्त या पीसीच्या स्क्रीनपर्यंत येतो. लिंक तुटली तर स्क्रीन जाते, डाउनलोड मात्र लोकल लॅनवर चालू राहतो आणि पूर्ण होतो. खरं तर स्काडा पीसीवरच्या (ज्यावर प्लांट बघतात आणि चालवतात त्या पीसीवरच्या) एनीडेस्कलाही हा फायदा आहे बरं का, सॉफ्टवेअर त्याच पीसीवर असेल तर. खर्च मात्र लागतो, पीसी, फायरवॉल आणि सॉफ्टवेअरचं एक लायसन्स जास्तीचं, आणि विंडोज अपडेट कोण करणार यावर आधी बोलून घ्या नाहीतर वर्षभरात तोच पीसी सगळ्यात कच्चा दुवा होतो. व्हीपीएनला टू-फॅक्टर पण हवंच. डिसेंबर 2015 ला युक्रेनच्या वीज कंपन्यांमध्ये हॅकर चोरलेल्या पासवर्डने व्हीपीएनमधून आत शिरले, ऑपरेटर बघत बसलेत आणि माऊस आपोआप फिरून ब्रेकर उघडतोय, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले.

कुठलाही रस्ता घ्या, बदल कसला आहे त्यावर रिमोट की प्रत्यक्ष हे ठरवा. सेटपॉइंट आणि टायमर, चालेल, फक्त एचएमआयवर (मशीनवरच्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर) मिनिमम-मॅक्सिमम लिमिट टाकलेली असू द्या. लॉजिकमध्ये ऑनलाइन एडिट (मशीन चालू असतानाच प्रोग्रॅम बदलणं), तेही चालेल पण पॅनलपाशी माणूस उभा हवा, फोन चालू ठेवून. रॉकवेलमध्ये आधी टेस्ट करून नाही जमलं तर अनटेस्ट करता येतं, छान सोय आहे, पण मध्येच लिंक गेली तर टेस्टमधलं लॉजिक तसंच चालत राहतं, आपोआप मागे येत नाही. नेटवर्कच्या मॅनेज्ड स्विच-राउटरचं बरं असतं, जुनिपरला कमिट कन्फर्म्ड दिलं की दहा मिनिटात तुम्ही कन्फर्म केलं नाही तर जुनी कॉन्फिग परत येते, सिस्कोवर आधी रीलोड इन 10 लावून ठेवायचं आणि सगळं ठीक दिसेपर्यंत सेव्ह करायचं नाही. पीएलसीला असं काही नाही, तिथे रोलबॅक म्हणजे आधी घेतलेला बॅकअप आणि जागेवरचा माणूस. बॅकअपमध्ये प्रोग्रॅमसोबत चालू व्हॅल्यूंचा स्नॅपशॉटही घ्या, कारण सीमेन्समध्ये डेटा ब्लॉकची (व्हॅल्यू साठवायच्या जागेची) रचना बदलून डाउनलोड केला आणि ब्लॉक रीइनिशियलाइझ झाला तर ऑपरेटरने सहा महिन्यात ट्यून केलेले आकडे जाऊन स्टार्ट व्हॅल्यू येतात, आणि हे रात्रपाळीला कळतं.

हार्डवेअर कॉन्फिग, फर्मवेअर, पीएलसीचा आयपी बदलणं, यासाठी माणूस बोलवा, पैसे द्या. सेफ्टी पीएलसीला (धोका दिसला की प्लांट बंद करणाऱ्या कंट्रोलरला) तर रिमोट रस्ताच ठेवू नका. 2017 मध्ये सौदीतल्या पेट्रोकेमिकल प्लांटवर ट्रायटन मालवेअर आला तेव्हा तिथल्या ट्रायकोनेक्स या सेफ्टी कंट्रोलरची चावी प्रोग्रॅम पोझिशनला राहिली होती, म्हणून लिहिता आलं. तुमच्या रॉकवेल कंट्रोलरची चावीही बहुतेक रिमोटवर (लांबून बदल करता येतात त्या पोझिशनला) असेल, आत्ता जाऊन बघा, काम नसताना रनवर करून चावी काढून घ्या. सीमेन्सच्या एस7-1200 वर असा स्विचच नाही, तिथे प्रोटेक्शन लेव्हलचा पासवर्ड लावावा लागतो.

वेळेचं पण बघा. भोसरी-चाकणकडे गुरुवारी सुट्टी, वेंडरला वाटतं लाईन बंद आहे तेव्हाच करू, पण त्या दिवशी प्लांटवर सिक्युरिटीशिवाय कोणी नसतं आणि ट्रायल घ्यायला मटेरियल नसतं. बुधवारी सकाळी चेंजओव्हरच्या वेळी केलेलं परवडतं.

मग घ्यायचं काय? एकच मशीन आणि वर्षातून दोन-चारदा काम असेल तर की-स्विचवाला राउटर पुरे, मोठे डाउनलोड त्यावरून करायचे नाहीत एवढं वेंडरला ईमेलवर लिहून द्या. पाचच्या वर पीएलसी आणि दोन-तीन वेंडर असतील तर जंप पीसी, आणि बजेट एकदम नसेल तर राउटर आज घ्या, टनेल फक्त एका जुन्या इंजिनियरिंग पीसीपर्यंतच उघडा, फायरवॉल पुढच्या वर्षी. एनीडेस्क ठेवायचंच असेल तर पेड लायसन्स, अनअटेंडेड बंद, आणि काम झालं की सर्व्हिस स्टॉप. लॉग कुठलाही पर्याय घेतलात तरी जपा, सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल 2022 च्या आदेशात 180 दिवसांचे लॉग आणि घटना झाली तर 6 तासात कळवणं आहे, आणि वेंडरच्या फुकट एनीडेस्कवर हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं.