नौपाडा की ऐरोली? पिनकोडांची फोड

ठाण्याच्या नौपाड्यातून ऐरोलीला घर हलवलं. पत्ता बदलताना दोन्ही पिनकोड मूळ अवयवांत फोडून पाहिले.

नौपाड्याचा ४००६०२ = २×३×१७९×३७३. २ आणि ३ लगेच सुटतात, पण मग ६६७६७ हाती उरतो आणि पार १७९ पर्यंत भागून बघत बसावं लागतं. ठाणे स्टेशनात सुरू केलेलं गणित ऐरोली आली तरी लोकलच्या तिकिटामागे अर्धवटच! ऐरोलीचा ४००७०८ मात्र सालस: २×२×७×११×१३०१. अकराची कसोटी तर तोंडी होते: एकाआड एक अंकांच्या बेरजा ४ आणि १५, फरक ११.

विभाजक ठाण्याला १६, ऐरोलीला २४. खरी गंमत पुढे आहे. पहिला ६ च्या पाढ्यात, दुसरा २८ च्या, आणि ६ व २८ या पहिल्या दोन परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज नेमकी संख्येइतकीच. अशा संख्येच्या पाढ्यातली पुढची प्रत्येक संख्या विपुल असते. म्हणून दोन्ही पिनकोड विपुल: स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी, अनुक्रमे ४०७२३८ आणि ४७४२३६.

देवळालीचे गणिती कापरेकर यांच्या हर्षद कसोटीत (संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जायला हवा) मात्र दोघेही नापास. अंकांची बेरीज १२ आणि १९, भाग कुठेच जात नाही.

माझं मत ऐरोलीला. घरच्यांचं अजून नौपाड्यालाच, पण ते भाजीमुळे.